गॅलेक्सीची तीट

१० नोव्हेंबर २००५, गुरुवार

नगरची गाडी सकाळी पोचली आणि स्टँडवर बाळासो स्वतः हजर. मालक नोकराला आणायला स्टँडवर येतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, पावणं, आधी मिसळ, मग खोली, कामाचं उद्या बघू. कटाचा पहिला घोट घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते खुशीत हसले आणि माझ्या ताटलीत आणखी कट ओतायला सांगितला.

स्टुडिओ शाहूपुरीत आहे. खाली गुळाच्या व्यापाऱ्याचं दुकान, वर आम्ही. मी इथला कॉम्प्युटरवाला. नवरीच्या गालावरची पुटकुळी काढायची, आजोबांच्या टकलावरची चकाकी कमी करायची, लग्नाला न आलेल्या मामाला ग्रुप फोटोत उभं करायचं. नगरलाही हेच करत होतो. फोटोत डाग दिसला की माझे हात शिवशिवतात. तो काढल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही.

पण मला इथं ओढून आणलं ते बाळासोंच्या दुसऱ्या उद्योगानं. ते आणि त्यांचं मंडळ दुर्बिणीला कॅमेरा लावून आकाशाचे फोटो काढतात. चंद्रबिंद्र नव्हे, गॅलेक्सी. तोच नाद मलाही आहे, आणि अख्ख्या नगरमध्ये माझ्या तोडीचा कुणी नव्हता हे स्वतःच्या रोजनिशीत लिहायला काय हरकत आहे?

खोली बनाबाईंच्या घरात, माडीवर. बाई एकट्याच राहतात. आवाज असा खणखणीत की स्वयंपाकघरातून बोलल्या तरी बोळाच्या टोकाला ऐकू जावं. तांबडा रस्सा खाता न्हवं, एवढं एकच विचारून त्यांनी किल्ली दिली. टेबल भक्कम आहे आणि खिडकीतून उजेड चांगला येतो. हे गाव मला मानवणार असं दिसतंय.

१३ नोव्हेंबर, रविवार

आज मंडळात गेलो. दर रविवारी सकाळी स्टुडिओतच बैठक असते. पद्धत मजेशीर आहे. ज्याचा फोटो असेल त्यानं तो भिंतीला लावायचा आणि तोंड मिटून बसायचं. बाकीच्या प्रत्येकानं एक तरी दोष काढायचा. कौतुकाला बंदी. कौतुक करायचंच असेल तर नंतर खाली चहाच्या गाडीवर, तेही आपल्या पैशानं चहा पाजून. मला ही पद्धत फार म्हणजे फारच आवडली.

बाळासोंचा फोटो लागला. जोतीराम म्हणून एक ऊसवाला येतो शिरोळहून, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर दुर्बीण चालवतो. तो म्हणाला, जरा अंधार जास्त झालाय की. एवढंच. मग मी उठलो. कोपऱ्यातल्या चांदण्या लांबुळक्या झाल्यात, म्हणजे दुर्बीण नीट रोखलेली नव्हती. मधला उजेड करपलाय. उजवीकडे लाल झाक आहे. बाळासो म्हणाले, नाद खुळा, ह्ये डोळं कुठनं आणलंसा? एक बाई मात्र मान खाली घालून माझं बोलणं वहीत उतरवून घेत होत्या. संघप्रिया कांबळे, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर.

आणखी एक गंमत. पास झालेले फोटो ज्या भिंतीवर लावतात, तिथल्या प्रत्येक फोटोच्या डाव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका आहे. मला वाटलं कॅमेऱ्यात धूळ. रुमालानं पुसायला गेलो तर बाळासोंनी हात धरला. ती तीट आहे. त्यांचे वडील बारशाच्या आणि लग्नाच्या प्रत्येक फोटोला ब्रशनं एक ठिपका द्यायचे, बाळाच्या गालाला लावतात तसा, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. तीच चाल गॅलेक्सीलाही. बाळासो म्हणाले, येवढं देखणं लेकरू, आन उघडंच भितीवर ठिवायचं? संघप्रिया मॅडम हसल्या. म्हणाल्या, आमच्या घरात हे कुणी मानत नाही, पण बाळासो मानतात आणि मी बाळासोंना मानते.

मी जन्मभर डाग काढत आलो. आता डाग लावायचे.

४ डिसेंबर, रविवार

अमावास्या उलटल्यावर काल सगळे शाहूवाडीकडच्या डोंगरात जाऊन आलो. तिथं अंधार चांगला. खाचरांची कापणी होऊन गेलेली, थंडी कडक. गावकऱ्यांना वाटतं ही माणसं अमावास्येला करणी करायला येतात. जोतीराम त्यांना प्रत्येक वेळी शनी दाखवतो आणि वेळ निभावून नेतो.

आमचं तंत्र असं. आकाशातल्या एकाच जागेचे पुष्कळ फोटो काढायचे, मग कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, म्हणजे मिणमिणता उजेड साठत जातो. सकाळी निघताना कॅमेऱ्यापुढं पांढरा बनियन ताणून आभाळाचा कोरा फोटो घ्यायचा. काचेवर धूळ असेल तर ती त्या कोऱ्या फोटोत दिसते आणि मग वजा करता येते. बाळासोंनी अंगातला बनियन काढून दिला आणि थंडीत कुडकुडत उभे राहिले.

माझी दुर्बीण या सगळ्यांत महागाची आहे. संघप्रिया मॅडमची दुर्बीण तिसऱ्या हाताची, पत्र्याची, जोड दिलेली. मला जरा कीवच आली.

११ डिसेंबर, रविवार

माझी देवयानी, म्हणजे डोंगरात घेतलेली ती गॅलेक्सी, भिंतीवर लागली. कोणाला दोष सापडेना. जोतीराम म्हणाला, चौकट जरा बारकी हाय. मी मनातून खूश.

मग संघप्रियानं तिची लावली.

तीच गॅलेक्सी, तोच डोंगर, तीच वेळ. माझ्या फोटोत ती दिसत होती. तिच्या फोटोत ती होती. दुसरं कसं सांगू? कुणी दोष काढायलाही उठेना. मी उठलो. चार दोष काढले आणि चारही खरे होते. ती सगळे उतरवून घेत होती. शेवटी म्हणाली, दातीर सर, तुमच्याइतकं नीट माझा फोटो आजवर कुणी बघितला नाही.

चहाच्या गाडीवर तिला चहा पाजायला चौघं पुढं झाले. माझा चहा मी स्वतः घेतला.

१५ जानेवारी २००६, रविवार

संघप्रियानं मी काढलेले चारही दोष दुरुस्त करून फोटो परत लावला. म्हणजे मीच तिला वर चढवतोय. मी दोष सांगायचे, तिनं ते पुसायचे आणि चहा प्यायचा. आज मी पाचवा दोष सांगितला. पार्श्वभूमी हिरवट आहे म्हणालो. ती हिरवट नव्हती.

५ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. पाडव्याला मंडळाचं पहिलं प्रदर्शन, गावातल्या एका हॉलमध्ये. दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर एकच फोटो, पुरुषभर उंचीचा. बाकीचे आत, छोटे. तो एक कुणाचा, हे मार्चमध्ये ठरवायचं.

तो माझा असला पाहिजे. मी हे अगदी शांतपणे लिहितोय. आईबाप गेले, बायको केली नाही, गाव सोडलं. मला डोळे आहेत आणि त्या डोळ्यांनी काढलेला फोटो आहे. त्या भिंतीवर दुसऱ्याचा लागला तर माझ्याजवळ काय उरलं?

बैठक संपल्यावर संघप्रिया थांबली होती. म्हणाली, हिरवा रंग मोजून बघितला, निघाला नाही. पण तुम्ही म्हणालात म्हणजे काहीतरी असणार, म्हणून मी सगळे फोटो पहिल्यापासून पुन्हा रचले. मग तिनं नवा प्रिंट दाखवला. तो आधीच्यापेक्षाही चांगला झाला होता.

माझ्या खोट्या दोषानंसुद्धा तिचं भलंच होतं. असल्या माणसाचं काय करायचं?

५ मार्च, रविवार

मागच्या अमावास्येला सगळ्यांनी एकच गॅलेक्सी घेतली होती, भोवऱ्यासारखी फिरणारी, जिच्या एका हाताच्या टोकाला धाकटी गॅलेक्सी लटकलेली असते. आई पोराचं बोट धरून बाजारात निघालेली असावी तशी. आज सगळ्यांचे फोटो लागले.

मोठ्या भिंतीवर संघप्रियाचा जाणार. एकमतानं. माझं मत धरून. हात वर केला मी. बाळासोंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, दातीर, मन मोठं हाय तुमचं. थाप अजून पाठीवर जाणवते आहे.

८ मार्च, बुधवार

मोठ्या प्रिंटसाठी तिची फाईल आज दुपारी माझ्याकडं आली. बाळासो लग्नाच्या ऑर्डरीवर गेले होते. मी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. कोपरा न् कोपरा विंचरला. एक दोष सापडू दे म्हणत होतो, एकच. रविवारी सांगता येईल असा. लाईट गेली, बॅटरीवर काम चालू ठेवलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी बघत राहिलो.

सापडलं काहीच नाही. डाव्या कोपऱ्यात फक्त ती तीट. बाळासोंसाठी म्हणून तिनं लावलेली.

ती मी काढली. शेजारचा काळा आभाळाचा तुकडा उचलला आणि ठिपक्यावर बसवला. एका टिचकीचं काम. आता त्या फोटोवर काहीही नव्हतं, आणि मी त्याच्याकडं पोटभर बघून घेतलं.

मी तीटबीट मानत नाही. मानत नाही तर काढली कशाला, याचं उत्तर मी इथं लिहिणार नाही.

९ मार्च, गुरुवार

मॉनिटरवर धुळीचा कण आहे. पुसला. गेला नाही.

११ मार्च, शनिवार

कण मॉनिटरवर नाही, फोटोंत आहे. माझ्या प्रत्येक फोटोत, मध्याच्या जरा डावीकडं, मोहरीएवढा काळा ठिपका. म्हणजे कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसली. सकाळी गच्चीवर जाऊन बनियन ताणून कोरा फोटो घेतला. त्यातही ठिपका. कॅमेरा उघडून आतली काच साफ केली. ठिपका आहेच. पुन्हा साफ केली, जरा जोरात. काचेवर ओरखडा उठला. एवढा महागाचा कॅमेरा, हातानं वाट लावली.

मग वैतागून बनियन वाळत टाकला आणि त्याच्याकडं बघितलं. ठिपका बनियनवर होता.

कॅमेरा माझ्या हातात नव्हता.

१७ मार्च, शुक्रवार

ठिपका आता वाटाण्याएवढा झालाय. पण काम थांबवलेलं नाही. ग्राहकांच्या फोटोंत तो दिसला की नेहमीसारखा पुसून टाकतो, शेजारचा तुकडा आणून बसवतो. सवयीचं काम आहे.

आज बाळासोंनी एका लग्नाचा अल्बम माझ्यापुढं उघडला आणि शेजारी उभे राहिले. मी बघितलं, म्हटलं बेस झालाय. त्यांनी पान माझ्याजवळ सरकवलं. मग अगदी हळू म्हणाले, दातीर, नवरीचं तोंड कुठं हाय?

मी मान तिरकी करून डोळ्याच्या कडेनं बघितलं, तेव्हा दिसलं. अंतरपाटाचं पांढरं कापड नवरीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत नेऊन बसवलेलं. मुंडावळ्या दोन्हीकडून येऊन कापडात शिरत होत्या. पुढच्या पानावर तसंच. हार घालताना तसंच. काम सफाईदार होतं, कुठं जोड दिसत नव्हता. मीच केलं होतं.

बाळासो ओरडले नाहीत. म्हणाले, नेगेटिव हायेत माझ्याकडं, मी करतो नीट, तुम्ही डोळं दाखवून या. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२० मार्च, सोमवार

डॉक्टरांनी थेंब घालून, बॅटरी मारून डोळे तपासले. म्हणाले, दोन्ही डोळे स्वच्छ आहेत, तुमच्या वयाला इतके चांगले डोळे क्वचित बघायला मिळतात. ते बोलत असताना त्यांच्या मानेवर चेहरा नव्हता. मागच्या भिंतीवरचा निळा रंग पुढं आणून तिथं बसवला होता.

कोण बसवतंय?

मी फोटोत जसं करतो तसंच. डाग दिसला की शेजारचं उचलायचं आणि झाकायचं. फक्त इथं डाग म्हणजे माणसांची तोंडं. बनाबाई, जोतीराम, चहावाला. ज्याच्याकडं नीट बघायला जावं तो पुसला जातो. कडेनं दिसतो तेवढाच.

२३ मार्च, गुरुवार

बनाबाईंना सांगितलं. तिटेचं सोडून बाकी सगळं. त्या म्हणाल्या, कुणाची तरी दिष्ट लागलीया तुला, बस हितं. मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेऊन माझ्यावरून ओवाळल्या आणि शेगडीत टाकल्या. दृष्ट लागलेली असली की मिरच्यांचा ठसका उठत नाही म्हणतात.

ठसका असा उठला की आम्ही दोघं खोकत खोकत अंगणात पळालो. शेजारची दारं उघडली. बनाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडं वळल्या. तोंड दिसलं नाही, नुसती मागची तुळस. आवाज मात्र बदलला होता. म्हणाल्या, लेकरा, तुला कुणाची लागल्याली न्हाय. तू कुणाला लावलीयास?

मग सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या पोरीला काय हुयाचं न्हाय, ती मनानं निवळ हाय, तिच्यात शिरायला जागा न्हाय. म्हणून ते माघारी तुझ्याकडं आलंय. आता एकच. चारचौघांत, पोटातनं, तिच्या कामाला चांगलं म्हन. त्येच्याम्होरं ‘पन’ ह्यो शबुद लावू नगंस.

एवढंच? मी मनात म्हटलं. एवढं तर कुणीही करील.

२६ मार्च, रविवार

बैठक. सगळे आले होते. आज मी उठून म्हणणार होतो, की मंडळाचा नियम मोडतो आणि कौतुक करतो. वाक्य पाठ करून गेलो होतो.

उठलो. म्हटलं, संघप्रिया मॅडमचा फोटो —

आणि पुढं माझ्याच तोंडातून आलं की धाकट्या गॅलेक्सीच्या कडेला उजेड जरा फाटलाय.

तो दिसत नव्हता मला. फोटोच दिसत नव्हता. कोऱ्या कागदात मी दोष काढला. आणि ती वहीत लिहून घेत होती, पेनचा आवाज मला ऐकू येत होता.

ठिपका बशीएवढा झालाय.

३० मार्च, गुरुवार. पाडवा

प्रदर्शनाला गेलो. बाळासोंनी हात धरून नेलं. दारातून आत गेलं की समोर पांढरी भिंत, वर ट्यूबलाईट. लोक त्या कोऱ्या भिंतीपुढं येऊन थांबत होते. कुठली तरी म्हातारी हात जोडून उभी राहिली, असं बाळासो सांगत होते. सगळा हॉल बघत होता, आणि मला भिंत.

मला बरं वाटलं. देवा, मला बरं वाटलं — तो दिसत नाही याचं.

तेवढ्यात तो वळला. ठिपका. पहिल्यांदाच हलला. कडेनं हात फुटले त्याला, दोन, आणि ते सावकाश —

बाळासो विचारत होते, काय झालं, घाम का आलाय?

२ एप्रिल

डोळे मिटले तर जास्त स्पष्ट दिसतं.

काळं राहिलेलं नाही ते. आत चांदण्या आहेत. हातांत धुळीच्या काळ्या रेघा, मध्ये पिवळसर उजेड, आणि कुठंही करपलेला नाही. चांदण्या गोल. एकूण एक. असला फोटो कुणी काढलेला नाही, कुणी काढणार नाही. आणि दाखवायचा कुणाला?

दिवसभर त्यात दोष शोधला. नाही.

आधी वाटलं मोठं होतंय. मोठं होत नाहीये. जवळ येतंय.

४ एप्रिल

संघप्रिया आली होती. आवाजावरून ओळखली. बनाबाईंनी खुर्ची दिली. ती म्हणाली, प्रदर्शनात जो तो वा वा करत होता, त्याचा मला काय उपयोग? तुम्ही एकटे बघता. धाकटीची कडा पुन्हा केली, तुम्ही म्हणालात तशी. प्रिंट ठेवून जाते, सवडीनं सांगा.

मोठ्या प्रिंटमध्ये तीट नव्हती म्हणे. बाळासोंनी ब्रशनं नवी लावली. ती हसून सांगत होती. कुणी काढली हे तिनं विचारलं नाही.

तेव्हा म्हणायचं होतं. ती समोर, बनाबाई समोर. नुसतं ठेवा म्हणालो. बघतो म्हणालो.

जिन्यात तिची पावलं. बनाबाई मागं उभ्या. म्हणाल्या, तुझ्याच्यानं हुईना व्हय रं? रडत होत्या बहुतेक.

५

भिंती गेल्या. खिडकी गेली. टेबल हाताला लागतं.

फिरतंय. त्याचा एक हात आता माझ्या मागून — गार लागतं मानेला. तो हात पुढं येतो आणि वाटेत जे असेल ते पुसून —

माझे पाय दिसत नाहीत. चाचपून बघायची भीती वाटते.

बघितलं. डावा

नको

तारीख माहीत नाही

अंदाजानं लिहितोय. ओळ ओळीवर जात असेल. चारचौघांत नाही जमलं, कागदावर तरी. बनाबाई, तुम्ही वाचाल. मोठ्यानं वाचा. बोळाच्या टोकाला जाऊ दे.

संघप्रियाचा फोटो चांगला आहे.

लिहिलं. लिहिलं मी. संघप्रियाचा फोटो चांगला आहे, माझ्यापेक्षा चांगला आहे, माझ्याच्यानं तसा कधी होणार नाही, आणि पहिल्या दिवसापासून मला हे माहीत —

थांबलंय. फिरायचं थांबलं.

कडेनं उजेड. खिडकीची चौकट दिसते. माझी बोटं दिसताहेत, पेन दिसतंय, हे अक्षर दिसतंय. पाय आहेत, दोन्ही आहेत. खाली बनाबाई भांडी घासताहेत. मागं सरतंय ते, पार लांब गेलं, ठिपक्याएवढं, आता तेवढंही नाही. रडतोय मी. सगळं दिसतंय मला.

तिनं ठेवलेला प्रिंट हा इथं, टेबलावर, हाताजवळच. पहिल्यांदा नीट बघतोय. काय केलंय बाईनं. मोठीचे हात, धाकटीची कडा, किती निवळ. सुंदर आहे. खरंच फार सुंदर आहे. फक्त डावीकडच्या हाताच्या खाली जरा